पिवळ्या देठाचं बी

“पालक काढला का गं?”

वन्संनी डोळे उघडल्या उघडल्या हेच विचारलं. साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांच्या पोटातली गाठ काढून तीन दिवस झाले होते. नाकातली नळी त्याच सकाळी निघाली होती. मी पहिल्या एसटीने पेजेचा डबा घेऊन आले होते आणि वाटेत ठरवून ठेवलं होतं, की आधी बरं वाटतंय का ते विचारायचं. त्यांनी मला विचारूच दिलं नाही.

“काढला,” मी म्हणाले.

“समदा?”

“समदा, वन्सं.”

“द्रौपदा काय म्हनली?”

“काय म्हननार. दरसालचंच म्हनली.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. तोंडावर इतकं समाधान, की शेजारच्या कॉटवरची बाई मला म्हणाली, लेक आलेली दिसली की जिवाला बरं वाटतं बघा. मी लेक नव्हते, भावजय होते. आणि पालक मी काढला नव्हता. त्याचं एक पानसुद्धा मोडलं नव्हतं.

वन्सं म्हणजे हौसाबाई, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जयसिंगरावांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं. वन्संचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याची मला तीन जणींनी तीन कारणं सांगितली होती आणि खुद्द वन्संना विचारायची माझी कधी छाती झाली नाही. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या स्वयंपाकघरात त्या भाज्या चिरायला होत्या. तिथल्या माळ्याने एका वर्षी परदेशी बियांच्या पुडीतून स्विस चार्ड लावला. पालकाच्याच जातीची भाजी, पण पान पंजापेक्षा मोठं आणि देठ अंगठ्याएवढा जाड. कुणाचा देठ पांढरा, कुणाचा लाल, कुणाचा हळदीसारखा पिवळा. आमच्या डोंगरावरच्या पावसात ती पानं ठिपक्यांनी भरून गेली आणि सडली. माळ्याने वाफा उपटून कचऱ्यात टाकला. त्या ढिगात पिवळ्या देठाचं एक झाड धड राहिलं होतं. ते वन्संनी पदरात घालून घरी आणलं आणि परसात लावलं.

तिथून पुढची चौदा वर्षं त्या एका झाडाची गोष्ट आहे. ज्येष्ठात पाऊस लागायच्या आधी पडवीत रोपं करायची. ती उघड्यावर लावायची आणि आमचा पाऊस त्यांच्यावर पडू द्यायचा, झड लागली तरी. शंभर-सव्वाशे झाडांतली जी पाच-सहा डाग न पडता उभी राहतील तेवढीच राखायची, बाकीची भाजीला. राखलेली झाडं थंडी खाऊन फाल्गुनात फुलावर यायची, वैशाखात त्यांचं बी धरायचं. पुन्हा ज्येष्ठ. मी लग्न होऊन आले तेव्हा नववं वर्ष चालू होतं. चौदाव्या वर्षी भर श्रावणात त्या वाफ्याकडे पाहिलं तर उभा वाफा धड होता, शंभरात पाच झाडं डागाळली तर खूप. पाचगणीच्या हॉटेलांतले आचारी भाजीसाठी आमच्या दारात येत.

पान वन्सं कुणालाही देत. बी देत नसत. “पानं वाटेल तेवढी न्या, बी मागू नगा,” एवढं एकच उत्तर. दुसऱ्याच्या रानात ते कशाशी तरी मिसळेल आणि तेच मग आपलं म्हणून फिरत येईल, ही त्यांची भीती. घरात बियांचा एकच डबा, तोही राखेत पुरलेला. जयसिंगराव चिडवायचे, आक्काचा जीव त्या डब्यात हाय. वन्संना ते चिडवणं आवडायचं.

मला ते सगळं प्रकरणच फारसं आवडायचं नाही, हे आता कबूल करते. माझं माहेर स्ट्रॉबेरीवाल्यांचं. परसातली ती पट्टी म्हणजे आमच्या रानातली सगळ्यात सपाट, पाण्याजवळची जागा. तिथे माझे दोन गादीवाफे आरामात बसले असते. एकदा नवऱ्याजवळ म्हणाले तर ते म्हणाले, आक्काला विचार. विचारायला गेले असते तर मी कांता कसली.

त्याच चौदाव्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला शेतकी कॉलेजातले घाटगे सर येऊन गेले होते. कुठल्याशा हॉटेलात त्यांनी ती भाजी खाल्ली होती. वाफ्यात तासभर उकिडवे बसून त्यांनी पानं उलटीपालटी केली, पावसाचं विचारलं, वहीत लिहिलं. मग म्हणाले, मावशी, हे फार मोठं काम केलंय तुम्ही, मला दोन मुठी बी द्या, कॉलेजात लावून बघतो, सगळीकडच्या पावसाळी भागात जाऊ दे, तुमच्या नावाने जाईल. मला वाटलं आता नेहमीचं उत्तर येणार. पण वन्सं म्हणाल्या, “औंदाचं ताजं बी येऊ द्या. पावसात हुबं राहिल्यालं बघा, मंग न्या.” सर गणपतीनंतर येतो म्हणाले. त्या दिवशी वन्सं भाकऱ्या थापताना स्वतःशीच हसत होत्या. त्यांना स्वतःशी हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. महिन्याभरात पोटात दुखायला लागलं.

आता पालकाचं सांगते. आमच्या परसाच्या दगडी गडग्यापलीकडे द्रौपदाबाईचं परसू. ती दरसाल आठ-दहा झाडं देशी पालक बियाला सोडायची. चार्ड आणि पालक एकाच वेळी फुलावर आले की मिसळतात, हे वन्सं चौथ्या वर्षी स्वतःच्या नुकसानीतून शिकल्या होत्या. म्हणून माघ संपता संपता त्या बाजारातली पालकाच्या बियांची पुडी आणि घरचा गूळ घेऊन द्रौपदाबाईकडे जायच्या. ती कुरकुरायची, माझ्या आजेसासूचं बी हाय म्हणायची, चहा करायची आणि पालक उपटून द्यायची. थोडं बी ती डब्यात राखून असायचीच, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा तोच पालक आणि पुन्हा तीच कुरकुर. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी दवाखान्यात जाताना वन्संनी पुडी आणि गूळ माझ्या हातात ठेवला आणि दोनदा बजावलं.

आणि माझं द्रौपदाबाईशी बोलणं बंद होतं. तिच्या शेळीने माझी रोपं खाल्ली, मी शेळी दिवसभर बांधून ठेवली, तिने नळावर चार बायकांसमोर माझ्या आईबापाचं वळण काढलं. एवढंच. पण ती आधी बोलल्याशिवाय आपण तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत पंधरा दिवस गेले. गडग्यापलीकडे तिचा पालक कमरेएवढा झाला.

मग मला युक्ती सुचली. स्ट्रॉबेरीच्या फुलाला मधमाशी बसली तरच फळ धड धरतं, हे मी लहानपणापासून बघत आलेली. म्हटलं, माशीच आत आली नाही तर मिसळणार कसं? घरातली मच्छरदाणी काढली, वन्संच्या सहा झाडांवर बांबू रोवून ताणली, खालून चारी बाजूंनी दगड लावले. फार हुशारी वाटली स्वतःची. द्रौपदाबाईपुढे मान वाकवावी लागली नाही आणि कामही झालं. गूळ मी चहात संपवला.

म्हणून दवाखान्यात ‘काढला’ म्हणताना मला फारसं काही वाटलं नाही. एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतोय, असं वाटलं. वन्सं घरी यायच्या आधी मच्छरदाणी काढून धुऊन घडी घातली. तोवर द्रौपदाबाईच्या पालकाचं बी धरून झालं होतं, परसू मोकळं होतं.

वन्सं चैत्रात घरी आल्या. अंगावरचं मांस गेलं होतं. डॉक्टरांनी जयसिंगरावांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते त्यांनी मला एसटी स्टँडवर सांगितलं. वन्संना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. बी मात्र त्या वर्षी भरघोस आलं. मी झाडं कापून आणली, त्यांनी पडवीत बसून जुन्या लुगड्यावर ती चोळली. खडबडीत, मातकट गोळ्या. एकेका गोळीत दोन-दोन, तीन-तीन कोंब असतात, हे त्यांनी मला तेव्हा फोडून दाखवलं. एरवी त्या मला काही दाखवायच्या नाहीत.

अक्षय्यतृतीयेला नवं बी डब्यात भरायचं, हा त्यांचा नेम. आणि नवं बी घरात आलं की जुनं ठेवायचं नाही. पूर्वी एकदा सासूबाईंच्या हातून दोन वर्षांचं बी एकत्र झालं होतं आणि तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती. तेव्हापासून जुनं बी त्या उकळून, कोंड्यात कालवून कोंबड्यांना घालायच्या. नुसतं टाकलं तर एखादं अंगणात रुजेल म्हणून उकळायचं.

त्या सकाळी त्यांनी राख झटकून डबा उघडला, जुनं बी पातेल्यात ओतलं आणि म्हणाल्या, “कांते, चूल पेटीव. माझ्यानं वाकवत न्हाई.”

मी चूल पेटवली. पातेलं चढवलं. वन्सं शेजारी पाटावर बसल्या होत्या, मांडीवर नव्या बियांचं सूप. त्या एकेक काडी, एकेक खडा वेचून काढत होत्या आणि घाटगे सरांचं बोलत होत्या. बी कशात द्यावं, पिशवीत दमट होईल, काचेची बरणी बघ एखादी. पातेल्यात दिसायला मोजकंच बी होतं, दोन ओंजळी असेल. मला तेव्हा ठामपणे माहीत नव्हतं की नवं बी बिघडलंय. मच्छरदाणीवर माझा भरवसा होता. पण पूर्ण नव्हता. नुसतं म्हणायचं होतं, वन्सं, औंदा जुनं राहू द्या. कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. त्या आजारी, त्यांना ताप कशाला, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला माझी लाज वाटत होती.

पाणी उकळायला बराच वेळ लागला. लाकडं ओली होती. मी फुंकणीने फुंकत राहिले. बुडबुडे आले, बी खालीवर व्हायला लागलं, पाणी तांबूस झालं. “झालं, उतरीव,” वन्सं म्हणाल्या. मी उतरवलं. दुपारी कोंबड्यांनी ते खाल्लं.

ज्येष्ठात पडवीतल्या वाफ्यात बी पेरलं. आठव्या-नवव्या दिवशी कोंब वर आले. मी गोठ्यात होते. वन्संनी हाक मारली नाही. मी आपण होऊन आले तेव्हा त्या पोत्यावर बसून वाफ्यावर वाकल्या होत्या, नाक मातीला लागेल इतक्या. पिवळ्या देठाच्या चार्डचा कोंबही बुडाशी पिवळाच असतो. त्या वाफ्यात पिवळ्यांच्या मध्येमध्ये गुलाबी बुडाचे कोंब होते. दर चारांत एक तरी. द्रौपदाबाईच्या पालकाच्या बुडाशी तशीच गुलाबी झाक असायची.

“पालक हुबा हुता न्हवं?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“हुता.”

मी मच्छरदाणीचं सांगितलं. माशी आत जाऊ नये म्हणून सगळीकडून दगड लावले होते, हेही सांगितलं.

“ह्याला माशी लागत न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “ह्याच्या फुलातलं वाऱ्यावर जातं. पिठावानी असतं. मच्छरदाणीतनं वारा जात न्हाई व्हय?”

मी खाली बसून गुलाबी कोंब उपटायला लागले. म्हटलं, हे काढून टाकले की उरलेले चांगलेच ना. त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हातात जोर उरला नव्हता, पण मी थांबले.

“दिसत्यात त्ये उपटशील. तिच्या पालकात बिनगुलाबीबी झाडं हैती. त्येंचं मिसळल्यालं वरनं पिवळंच दिसतंय. त्ये कसं वळकायचं?”

“मंग आता?”

“आता पयल्यापास्नं. पावसात टाकायचं, निवडायचं, पुना टाकायचं. सा-सात वर्सं.” मग म्हणाल्या, “मला न्हाईत तेवढी.”

आपल्या आजाराबद्दल त्या घरात तेवढंच एकदा बोलल्या.

मी रडायला लागले. वन्संनी मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. मग त्या म्हणाल्या, “तू दवाखान्यात सांगितलं असतंस तर मी तुज्याशी चार दीस बोलले नसते. चारच दीस, कांते. डबा ऱ्हायला असता.”

त्या पावसाळ्यात त्या पडवीतून वाफ्याकडे बघत पडून असायच्या. श्रावणात निम्म्या झाडांवर ठिपके आले. आचाऱ्यांनी भाजी उलटून बघितली आणि ठेवून दिली. जयसिंगराव म्हणाले, औंदा पाऊसच तसा हाय. वन्संनी हो म्हटलं. त्यांनी त्यांच्या भावाला काहीच सांगितलं नव्हतं. मी रोज वाट बघायची, आज सांगतील, मग ते मला काय ते बोलतील आणि एकदाचं सुटेल. त्यांनी सांगितलं नाही, आणि माझंही तोंड उघडलं नाही.

गणपती चार दिवसांवर आले तेव्हा त्यांनी मला पोस्टकार्ड घेऊन यायला सांगितलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. मी त्यांच्या उशाशी बसले, मांडीवर पाट घेतला.

“लिव्ह. घाटगे सरांस हौसाबाईचा नमस्कार. बी देता येत न्हाई. तुमी येऊ नगा. औंदा बी बिघडलं. फुलावर आस्ताना शेजारचा पालक काढायचा, त्ये मी इसरले.”

माझा हात थांबला. “वन्सं, असं कुठं झालंय? मी लिवते माझं नाव. जे झालं त्ये लिवते.”

“आन?”

“आन काय? खरं त्ये कळंल त्यांना.”

“सराला कळंल, मंग जयसिंगाला कळंल, मंग द्रौपदाला. ती नळावर सांगंल.” त्या दम घ्यायला थांबल्या. “मी दिवाळी बघतीया का न्हाई कुनास ठावं. तुला ह्याच घरात नांदायचंय. माज्या भावाच्या ताटात रोज तूच वाढनार. त्येनं तुज्याकडं बघितलं की त्येला आक्काचा डबा दिसाया नगं. लिव्ह, मी इसरले म्हून.”

मी नाही म्हणायला हवं होतं. चुलीपुढे बोलले नाही ते तिथे बोलता आलं असतं. मी लिहिलं. दहावीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर चांगलं होतं माझं. खाली शाई लावून त्यांचा अंगठा घेतला आणि दुपारच्या टपालात पत्र टाकलं.

वन्सं दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेल्या. घाटगे सर तेराव्याला आले. पडवीत बसून जयसिंगरावांना म्हणाले, चौदा वर्षांत एकदाच विसरल्या, आजारपण हो, त्यांचा काय दोष. जयसिंगराव डोळे पुसत होते. मी सरांच्या पुढे चहाचा कप ठेवला आणि आत गेले.

पुढची सात वर्षं मी ते बी धरलं. द्रौपदाबाईच्या दारात गेले, पहिल्याच वर्षी गेले, तिने शेळीचं नावही न काढता पालक उपटून दिला आणि चहा केला. एवढं सोपं होतं ते. दर पावसाळ्यात मी वाफ्यात उभी राहून झाडं निवडायची. माझ्याकडे वर्षं होती, वन्संची नजर नव्हती. निवडलेल्या झाडांची रोपं पुढच्या श्रावणात पुन्हा डागाळायची. सातव्या वर्षी मी थांबले. आता त्या पट्टीत माझे स्ट्रॉबेरीचे दोन गादीवाफे आहेत. चांगली येते.

याला आता चोवीस वर्षं झाली. श्रावणात ताटात पालेभाजी दिसली की जयसिंगरावांना बहिणीची आठवण येते. आक्कासारखी ध्यानाची बाई तालुक्यात नव्हती, म्हणतात, आणि नेमकी तीच पालक इसरली, आजारानं डोकंच ठिकानावर नव्हतं बिचारीचं. दरसाल हेच म्हणतात. मी व्हय म्हणते आणि अजून अर्धी भाकरी हवी का ते विचारते.